शिळी सभा

आमच्या कासारखेडात निवडणुकीची प्रत्येक सभा दोनदा होते. संध्याकाळी ताजी, ती उमेदवार करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळी, ती मी करते.

याला कारण आमचे ढवण. विलास ढवण, ढवण मंडप डेकोरेटर्सचे मालक आणि माझे यजमान. सभा संपल्यावर रात्री मंडप सोडायला माणसं मिळत नाहीत, म्हणून तो सकाळी सुटतो. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी ढवणांचा डबा घेऊन बाजारपटांगणावर गेले होते. स्टेज उभं होतं, माईक जोडलेला होता आणि आदल्या संध्याकाळी एका उमेदवारानं गावाला समुद्र सोडून बाकी सगळं देऊ केलं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवायची, मेलेल्या माणसांच्या बढाया तपासायची मला सवयच होती. म्हटलं, एखाद्या जिवंत माणसाची तपासून बघू. स्टेजवर चढले आणि कालचं भाषण वाक्यावाक्यानं सोलून दाखवलं. भाजीवाल्या थांबल्या, दूधवाले थांबले, हसून हसून लोकांचे डोळे पाणावले. कोणीतरी म्हणालं, "वैजूताईंनी शिळ्या भाकरीला झकास फोडणी दिली." तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

पुढं ती गावाची चालच होऊन बसली. संध्याकाळी भाषण ऐकायचं आणि काय ऐकलं ते सकाळी माझ्याकडून समजून घ्यायचं. शिळ्या सभेचा शेवट मी दरवेळी एकाच वाक्यानं करायची, "एकही आश्वासन न देता सभा करणारा उमेदवार दाखवा, मी स्वतः त्याच्या गळ्यात हार घालीन!" टाळ्या ठरलेल्या. हाराची वेळ येईल असं मला कधी स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. सूर्य पश्चिमेला उगवला तर, अशातलीच ती गोष्ट.

मध्ये दोन निवडणुका उजेडाच्या उमेदवारांच्या झाल्या. माणूस बसलेला मुंबईत आणि पटांगणावर त्याची लखलखती आकृती हात जोडून उभी. नव्या नवलाईनं लोकांनी गर्दी केली, मग कंटाळले. ज्याला घाम येत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणायला लागले. यंदा खरी माणसं स्टेजवर परत आली आणि ढवणांच्या धंद्याला पुन्हा बरे दिवस आले.

ढवणांना मात्र नाही. त्यांची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वीच थकली. सोमवारी आणि गुरुवारी पालिकेच्या दवाखान्यात डायलिसिस असतं. जिल्ह्याचं गाव इथून दोन तासांवर. सुई काढल्यावर या माणसाला रिक्षापर्यंत चालवत नाही, तिथं दोन तासांची एसटी कुठून झेपणार? आणि त्या दवाखान्याच्या आवारात उन्हाळ्यात मोजणीवाले येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले होते. जागा हमरस्त्यावरची. नगराध्यक्षपदाचे उमेदवार रणधीर इंगवले यांच्या मेहुण्यांची बांधकाम कंपनी आहे. दुवा कोणीही जोडावा इतका सोपा होता. तेव्हा यंदा मी कंबर कसून बसले होते. इंगवल्यांनी दवाखान्याचा द काढायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं पीठ करणार होते.

इंगवल्यांची पहिली सभा झाली. गडी साधा पांढरा शर्ट घालून उभा राहिला. म्हणाला, "रस्त्यांना पैसे आहेत का, मला माहीत नाही. कळलं की सांगेन." म्हणाला, "मागच्या वेळी आमच्या लोकांनी पाण्याच्या टाकीत खाल्लं. मी तेव्हा गप्प होतो, ती माझी चूक." दवाखान्याबद्दल म्हणाला, "तिथं माझाही जन्म झालाय. त्यापलीकडं आज बोललो तर मी तुम्हाला गोड लागेल ते बोलेन, म्हणून थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेजवर उभी राहिले आणि माझी पंचाईत झाली. प्रत्येक वाक्य डोक्यात फिरवून पाहिलं. धरायला कान नसलेलं भांडं असावं तसं ते भाषण होतं, कुठूनही उचलावं तर हात घसरत होता. समोर लोक फोडणीची वाट बघत बसलेले. मी इंगवल्यांच्या शर्टावर एक फालतू विनोद केला, हाराचं वाक्य म्हटलं आणि खाली उतरले. लोक हसले, पण शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसे.

त्याच दिवशी आमची लेक ऋता पुण्याहून आली. तिथल्या एका कंपनीत ती बोलणारी यंत्रं शिकवते, एवढंच मला ठाऊक होतं. मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आज तुला काही सापडलं नाही ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला माहीत होतं, सापडणार नाही." आणि चक्क खूश होती कार्टी.

मग तिनं सांगितलं. माझ्या साऱ्या शिळ्या सभा लोकांच्या मोबाइलवर वर्षानुवर्षं पडून होत्या. त्या तिनं गोळा करून एका यंत्राला ऐकवल्या. कोणत्या शब्दाशी मी थबकते, कुठं "अहो पण" म्हणते, कुठं हसते, हे ते शिकलं. पुरेसं शिकल्यावर ते आधीच सांगू लागलं, अमुक वाक्य कानावर पडलं तर वैजयंती ढवण कोणती शंका काढतील. त्याच्यासमोर दुसरं यंत्र बसवलं, भाषण लिहिणारं. एक वाक्य लिहितं, दुसरं माझी शंका काढतं. पहिलं वाक्य बदलतं, दुसरं नवी शंका काढतं. तालमीत दोन पैलवानांना एकमेकांवर सोडावं तसं, फक्त इथं एका रात्रीत लाखो कुस्त्या होतात. शेवटी जे वाक्य उरतं, त्याच्यापुढं मी निरुत्तर असते. त्या वाक्याला माणसाचा हात लागलेला नसतो. उमेदवाराच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र असतं, ते सांगतं आणि तो बोलतो.

"आणि शेवटी उरतं ते वाक्य खरं असतं?" मी विचारलं.

ऋता म्हणाली, "तुला ते खोटं वाटत नाही, एवढं नक्की."

"मी तुला खरं आहे का ते विचारलं."

"आई, इतर कंपन्या गर्दीला काय आवडतं ते मोजतात. आम्ही पहिल्यांदा, काय खटकतं ते मोजलं. मला वाटलं, हे लोक सारखे तुझ्या धाकात राहतील. थापा मारायची सोयच राहणार नाही. तू आयुष्यभर हेच तर मागत होतीस!"

तव्यावरची पोळी करपली. मला राग आला आणि त्या रागात अभिमानही कालवलेला होता, त्यामुळे धड ओरडताही येईना. पोरीनं आईची आठवण म्हणून तिची शंका जपून ठेवली आणि मग बाजारात विकली. यावर काय बोलायचं असतं?

"बंद कर ते," मी म्हणाले.

"माझं नाही गं ते आता. कंपनीचं आहे. आणि इंगवल्यांचं बघून उरलेल्या दोन्ही उमेदवारांनीही घेतलं."

पुढच्या शिळ्या सभेत मी गावाला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, हा माणूस बोलत नाही, त्याच्या कानातलं यंत्र बोलतं, आणि ते यंत्र माझ्यावर पोसलंय. वाटलं, आता पटांगण पेटेल. पटांगण खूश झालं! "म्हणजे ताई, तुमच्या धाकानं सुधारला म्हणा की!" सराफकट्ट्यावरचे तुकाराम दहिवाळ ओरडले आणि टाळ्या पडल्या. संध्याकाळी इंगवल्यांनी कानातलं यंत्र काढून सर्वांना दाखवलं. "हे वैजूताईंच्या शंकांचं यंत्र. मी ते लपवणार नाही. तुमच्यातल्या सर्वांत अवघड माणसाला मी कानात घेऊन फिरतो." आणि पुन्हा कानात घातलं. त्या टाळ्यांनी मंडपाचं कापड हललं.

मी नाना युक्त्या केल्या. कधी न घेतलेली शंका घेऊन पाहिली. त्या संध्याकाळच्या भाषणात तिची जागा लिंपलेली होती. आडून बोलले, उपरोधानं स्तुती केली. स्तुती तेवढी त्यांच्या पत्रकावर छापून आली. एका सकाळी स्टेजवर गेलेच नाही. संध्याकाळी इंगवले म्हणाले, "आज ताई बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या बाजूनं लावणार नाही." मीच असं बोलले असते, अगदी याच शब्दांत. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. माझ्या तोंडातून निघणारा प्रत्येक शब्द त्या यंत्राचं खाद्य होता, आणि तोंड मिटलं तर ती संमती होती.

एका सभेहून परतताना ढवण म्हणाले, "तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मंडपाचं भाडं तर मिळतंय." मग दोन पावलं चालून म्हणाले, "दवाखान्याच्या आवारात पुन्हा चुना टाकलाय गं. ताजा."

दुसऱ्याच संध्याकाळी ते घडलं. पटांगण खच्चून भरलेलं. ढवण अ‍ॅम्प्लिफायरशेजारी त्यांच्या खुर्चीत, मी त्यांच्यामागं. इंगवले स्टेजवर आले, हात जोडले आणि म्हणाले, "आज मी एकही आश्वासन देणार नाही. रस्त्याचं नाही, पाण्याचं नाही, दवाखान्याचंही नाही. आश्वासनांनी या गावाला पुष्कळ फसवलंय. मी फक्त तुमच्यासमोर उभा राहणार आहे. ज्याला बघायचं त्यानं बघावं." आणि खरोखरच उभे राहिले, गप्प.

आधी कोणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यामागच्यांनी पाहिलं. हळूहळू सगळं पटांगण पाठ फिरवून माझ्याकडं बघायला लागलं. हसत होते सगळे. प्रेमानंच हसत होते.

घरी ऋता म्हणाली, "घालू नकोस हार. कोण जबरदस्ती करणार आहे?"

"वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, दिलेला शब्द न पाळणाऱ्याला दारात उभं करू नका. आता मीच फिरवू?"

"मग घाल."

"आणि घातला तर दवाखाना गेला."

ऋता म्हणाली, "मी नोकरी सोडते आई."

"तू सोडलीस म्हणून ते यंत्र मला विसरणार आहे का?"

सकाळी पटांगणावर ताज्या सभेला नसतील एवढी माणसं होती. फुलवाल्या जरीनाबींनी झेंडूचा भलाथोरला हार स्वतः आणला होता. पैसे विचारले तर म्हणाल्या, "तुमच्या शब्दाचा हार आहे ताई, याचे पैसे घेऊ व्हय?" शिळ्या सभेला कधीही न फिरकलेला उमेदवार त्या दिवशी आधीच स्टेजवर येऊन उभा होता. मान जराशी वाकवून.

मी हार हातात घेतला. पाहिलं तर दोन्ही बाजूंनी विहीर. शब्द मोडला तर मी या पुढाऱ्यांतलीच एक, पाळला तरी त्यांचीच. हार जड होता, ओला होता. मी घातला. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइलचे हात वर. इंगवले खाली वाकून माझ्या पाया पडले. मला रडू आलं आणि लोकांना वाटलं, ताई गहिवरल्या.

तेवढ्यात स्पीकरमधून खरखर आली. "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग." आवाज ढवणांचा. आयुष्यभर त्यांनी माईकवर याव्यतिरिक्त एक अक्षर उच्चारलेलं नव्हतं. खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागला.

"इंगवलेसाहेब," ते म्हणाले, "माझं सोमवारी अन् गुरुवारी डायलिसिस असतं. इलेक्शन झाल्यावर ते कुठं करायचं?"

इंगवल्यांनी मान किंचित कलती केली, कानातलं ऐकून घेतलं. "विलासअण्णा, याचं उत्तर आज दिलं तर ते आश्वासन होईल. आणि ताईंनी आत्ताच मला हार घातलाय."

पुन्हा टाळ्या. ढवण टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले.

"मी आश्वासन न्हाई मागत. पत्ता मागतोय. कुठं जायचं, तेवढंच सांगा."

इंगवल्यांचं बोट कानाकडं गेलं. ते वाट बघत राहिले. कानातून काहीच येत नसावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र भिरभिरायला लागले. मग कपाळावर घाम आला. माझ्या लक्षात आलं, मी कायम माणूस निघून गेल्यावर बोलत आले होते. समोर उभं करून कोणाला साधा प्रश्न विचारणं मला कधी सुचलंच नव्हतं, मग यंत्राला ते कुठून माहीत असणार! इंगवल्यांनी हात जोडले आणि हार सावरत ते स्टेजवरून खाली उतरले. पाठीमागून कोणी टाळी वाजवली नाही.

मी धावत जाऊन ढवणांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्या दिवशी इतकी खूश होते. दुपारी साखरभात केला. ऋता मात्र घास चिवडत बसली होती.

"अगं, जेव की," ढवण म्हणाले.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळी सगळ्यांचे मोबाइल चालू होते."

त्याच संध्याकाळी प्रचाराची सांगता सभा होती. इंगवले आले ते गळ्यात सकाळचाच कोमेजलेला हार घालून. म्हणाले, "आज एका आजारी माणसानं मला पत्ता विचारला आणि मला बोलता आलं नाही. मला माझी लाज वाटली." मग म्हणाले, "मी आश्वासन देत नाही. मी पत्ता देतो. लिहून घ्या. रणधीर इंगवले, बालाजी मंदिराच्या मागं, पिवळा बंगला. कुठं जायचं ते ज्याला कळणार नाही, त्यानं माझ्याकडं यावं. दाराला कडी नसते."

लोक उठून उभे राहिले. दहिवाळ डोळे पुसत होते. जरीनाबी माझ्याकडं बघून मान डोलावत होत्या, बघा, किती चांगला निघाला, अशा. ढवण अ‍ॅम्प्लिफायरच्या खुर्चीत बसले होते, हातात माईकची वायर. त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः लावलेल्या भोंग्यातून गावभर चाललं होतं आणि त्यात दवाखान्याचा पत्ता कुठंच नव्हता. ते मला म्हणाले, "आवाज जरा जास्त झालाय का गं?" मी नाही म्हटलं.

त्या रात्री माझ्या डोक्यात शंकांचं मोहोळ उठलं होतं, पण सांगतेनंतर सभेला परवानगी नसते. ताजीला नसते, तशी शिळीलाही नसते. सकाळी ढवणांच्या माणसांनी मुकाट्यानं मंडप सोडला.

इंगवले निवडून आले, हे वेगळं सांगायला नको. दवाखाना अजून चालू आहे. कुठवर चालू राहील ते कोणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, ते आश्वासन होईल. आवारातला चुना पावसानं धुऊन गेला होता, परवा पुन्हा पडलाय. ढवण एकदा पिवळ्या बंगल्यावर जाऊन आले. दाराला कडी नव्हती हे खरं. आत एका मुलीनं चहा दिला, साहेब बाहेरगावी आहेत म्हणाली आणि चहा फार छान होता.

ऋतानं नोकरी सोडली. यंत्र आहे तिथंच आहे, आता म्हणे चार जिल्ह्यांत चालतं. मी शिळी सभा बंद केली. लोक वाटेत अडवतात, "ताई, तुम्ही बोला ना, आम्हाला कसं कळायचं?" मी हसून पुढं जाते. त्यांना काय सांगू? घरातसुद्धा मी बोलायची थांबलेय. बातम्या बघताना जीभ शिवशिवते, मग टेबलावरचा मोबाइल दिसतो आणि मी ओठ मिटून घेते. आयुष्यभर तोंडाळ म्हणून ओळखलेली बाई मी, आता माझ्या शंका माझ्याच पोटात नासतात.

गेल्या सोमवारी ढवणांच्या उशाशी बसले होते. त्यांचं रक्त नळीतून यंत्रात जात होतं आणि धुऊन परत येत होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर इंगवले कसल्याशा कोनशिलेपाशी उभे राहून एक वाक्य बोलले. साधंच वाक्य, गुळगुळीत. आणि मला त्यातली फट दिसली. अशी लख्ख दिसली की मी जागच्या जागी ताठ झाले.

ढवणांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांचा संसार, त्यांना कळलं. "बोल की," म्हणाले.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या छातीवर मोबाइल होता. नर्सच्या खिशात होता. माझ्या पर्समध्ये होता. डायलिसिसचं यंत्र मात्र घरघरत होतं, मोठ्यानं, जुनं असल्यामुळं. मी खाली वाकले, त्या घरघरीच्या आड तोंड ढवणांच्या कानाला लावलं आणि सांगितलं.

ते हसले. पोट धरून, सुई हलेल इतके हसले. नर्स ओरडली तरी हसत राहिले.

काय सांगितलं, ते मी इथं लिहिणार नाही. तुम्ही वाचाल याला माझी हरकत नाही, पण वाचणारे तुम्ही एकटेच नसता. कधी कासारखेडला आलात तर सोमवारी किंवा गुरुवारी दवाखान्यात या, कानात सांगेन. पत्ता तोवर तोच असला तर.